बक्षीसपत्राचं गाऱ्हाणं

"एजंट? एजंट कशाला? सरकारने सगळं मोबाइलवर आणून ठेवलंय, आणि मोबाइल माझ्या हातात आहे!"

बकुळा राणेने ही घोषणा केली ती तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, कपडे वाळत घालता घालता. संध्याकाळपर्यंत ती तळमजल्यावरच्या पिठाच्या चक्कीपर्यंत पोचली होती. कागदपत्रांच्या बाबतीत बकुळाचा दरारा मोठा. कॉलेजची पायरी न चढता, निव्वळ व्हिडिओ बघून आणि चुका करून ती सगळं शिकली होती. बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांचं आधार तिने पॅनला जोडून दिलं होतं. उरलेल्या निम्म्यांचं, तिने हात लावल्यापासून, उघडतच नव्हतं. पण ते लोक भिडस्त होते.

या खेपेचं काम मात्र घरचं होतं, आणि गळ्याशी आलेलं होतं.

परळची ही इमारत गिरणी कामगारांनी सोसायटी काढून बांधलेली. आता ती पाडून तिथे टॉवर होणार होता. नव्या करारात कुणाकुणाची नावं जायची ते रविवारच्या सभेत पक्कं व्हायचं होतं. ज्या दोन खोल्यांत बकुळा लग्न होऊन आली, जिथे तिने नवऱ्याचं आजारपण काढलं आणि तो गेल्यावरही जिथे ती सासूबरोबर राहिली, त्या खोल्या होत्या सासूच्या नावावर. मीराबाईंनी स्वतःहून ठरवलं होतं, जागा सुनेला बक्षीसपत्राने द्यायची. अडचण एवढीच, की सभेची नोटीस निघाल्यापासून धाकट्या मुलाला, धनेशला, आईची फार आठवण येऊ लागली होती. कल्याणला ऐसपैस फ्लॅट असलेला हा माणूस एरवी गणपतीला उगवायचा आणि आरती संपायच्या आत मावळायचा. आता त्याचा रोज फोन! "आई, जेवलीस का?" आणि शनिवारी तो आईला न्यायला येणार होता. हवापालटासाठी! परळची माणसं हवा खायला कल्याणला कधीपासून जायला लागली?

म्हणजे हातात उरला शुक्रवार. शुक्रवारी दस्त नोंदला गेला तर घर बकुळाचं. नाही गेला, तर मीराबाई कल्याणला, सही धनेशच्या हाताशी, आणि बकुळा दिराच्या मर्जीवर.

बकुळाने तयारी कशी केली म्हणता? मुलीच्या लग्नाची करावी तशी! ऑनलाइन माहिती भरली, अकराची वेळ घेतली. भाकऱ्या थापून थापून म्हाताऱ्या बायकांच्या बोटांच्या रेषा पुसल्या जातात आणि मग मशीन ठसा घेत नाही, असं एका व्हिडिओत बघून तिने आठवडाभर रोज सासूचा अंगठा मांडीवर घेऊन त्याला क्रीम चोळलं. मीराबाईंची सही दर वेळी वेगळी यायची. कधी 'मीरा' एका ओळीत आणि 'राणे' पुढच्या ओळीत. म्हणून गुरुवारी रात्री टीव्ही बंद करून तिने त्यांच्याकडून सही घोटवून घेतली. ओळख पटवायला दोन साक्षीदारही तयार ठेवले. शेजारचे कुशाबाकाका, आणि पलीकडचा वॉल्टर परेरा.

या दोघांची नीट ओळख करून द्यायला हवी, कारण पुढचं सगळं यांच्यामुळेच झालं.

कुशाबाकाका म्हणजे मजल्याचे गाऱ्हाणंवाले. कोकणातल्या माणसाचं कुठलंही काम देवाला सांगितल्याशिवाय सुरू होत नाही. एक जाणता माणूस हात जोडून, चढ्या चालीत, देवापुढे मागणं मांडतो, त्याला गाऱ्हाणं म्हणतात, आणि दर मागण्याला जमलेली मंडळी एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" विचार करून म्हणायचं नसतं ते. मधे श्वास घेतात तसं ते येतं. काका गणपतीला गाऱ्हाणं घालायचे, नव्या स्कूटरला घालायचे, आणि एकदा एका मुलाच्या बारावीच्या रिझल्टच्या वेबसाइटलाही घातलं होतं.

आणि वॉल्टर? माझगावच्या गोदीतून रिटायर झालेला, जन्म याच मजल्यावर काढलेला. चर्चमध्ये 'आमेन' म्हणून म्हणून गळा असा तयार झालेला, की त्याच्याइतका खणखणीत "व्हय म्हाराजा" अख्ख्या परळमध्ये कुणाचा नव्हता. गणपतीच्या दिवसांत त्याला बाजूच्या बिल्डिंगमधूनही बोलावणी यायची.

तर शुक्रवारी टॅक्सी खाली येऊन उभी राहिली आणि मीराबाई उंबऱ्यात घट्ट उभ्या राहिल्या.

"गाऱ्हाणा घातल्याबिगर मी पाय उचलूचंय नाय."

"आई, वेळ टळेल हो!"

"घराचा काम आसा. देवाक सांगूक नको?"

"पाच मिनिटांचं तर काम," म्हणत कुशाबाकाका घसा खाकरायलाही लागले. काकांची पाच मिनिटं बकुळाला ठाऊक होती. त्यांत गावच्या सीमेवरचे सगळे देव, मग डोंगरातले, मग समुद्रातले, असे सगळे यायचे.

"तिथे ऑफिसात जाऊन घाला हवं तर!" ती वैतागून म्हणाली. "मीटर पळतंय खाली!"

हे ती बोलली मीराबाईंना जिन्यावरून खाली उतरवायला. काकांनी मात्र ते ध्यानात ठेवलं.

नोंदणी कार्यालय कुठलं ते मी सांगणार नाही, कुठलंही धरा. जिन्याच्या वरच्या टोकाला 'ज्येष्ठ नागरिकांना प्राधान्य' अशी पाटी होती. ती वाचायची तर आधी जिना चढून जायला लागायचं. दारात एजंट लोक छोटे प्रिंटर मांडून बसलेले. त्यांतला एक बकुळाची फुगलेली फाइल बघून म्हणाला, "ताई, तुमच्याकडून होणार नाही."

"बघाच तुम्ही!" बकुळा म्हणाली आणि सासूचा हात धरून वर गेली.

वर हॉल गच्च भरलेला आणि एकदम शांत. लग्नाच्या पंगतीत वाढपी कुठे गेले म्हणून लोक बसतात ना, तसे सगळे बसलेले.

"काय झालं?" बकुळाने शिपायाला विचारलं.

"सर्वर डाऊन."

"कधी येईल?"

शिपायाने छताकडे बघितलं. म्हणजे वरून आला की येईल.

अकरा वाजून गेले, बारा वाजून गेले. काचेपलीकडे निबंधक ढोबळे मॅडम बसल्या होत्या. समोरच्या स्क्रीनवर एक गोल फिरत होतं आणि मॅडम त्याच्याकडे बघत होत्या. सगळं कार्यालयच त्या गोलाकडे बघत होतं. शेजारच्या खुर्चीवरचे रे रोडचे लाकूडवाले शेठ गोदामाच्या भाडेकराराला सकाळपासून बसले होते. ते म्हणाले, "बेन, कल भी ऐसा ही था." बकुळाने बोटांवर वार मोजले. उद्या शनिवार. उद्या धनेश!

तेवढ्यात मागून आवाज चढला.

"हे बा रवळनाथा म्हाराजाऽ!"

बकुळा गर्रकन वळली. कुशाबाकाका चपला काढून, हात जोडून, हॉलच्या मध्यभागी उभे! चेहरा कॉम्प्युटरच्या दिशेला.

"काका! इथे नको!"

"तूच बोललंस मां, हापिसात घाला म्हणान!" एवढं खालच्या आवाजात बोलून काकांनी पुन्हा सूर धरला. "आज ह्या तुझ्या लेकरान घराचा काम काढल्यान हा, आणि ह्या हापिसात सकाळपासना सर्वर आडवो पडलो हाऽ, तो उठान बसू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वॉल्टर गरजला. पंख्यावरची धूळ खाली आली.

बकुळाने डोळे मिटून घेतले. आता शिपाई येणार आणि सगळ्यांना हाकलणार! पण शिपाई निघाला देवगडचा. तिने डोळे उघडले तर तो काकांच्या बाजूला टोपी काढून उभा.

"जो कोण 'उद्या येवा, उद्या येवा' सांगताऽ, त्येका आजच सुबुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता अर्धा हॉल. मुंबईत कुठल्याही सरकारी हॉलमध्ये अर्धे लोक कोकणातले निघतातच.

"ज्येचो अंगठो उठणा नायऽ, त्येचो उठू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता उरलेला अर्धा हॉलही. लाकूडवाल्या शेठनी 'म्हाराजा'तला 'म्हा' असा काही लांबवला, की बडोद्याचे महाराज अवतरतात की काय असं वाटावं.

आणि ऐका! काचेपलीकडून ऑपरेटर मुलगी ओरडली, "मॅडम! आला! सर्वर आला!"

हॉलमध्ये टाळ्या. कुणीतरी काकांच्या पाया पडलं. शेठ म्हणाले, "काका, मेरे गोदाम का भी बोल दो ना." मग गोदामाचं गाऱ्हाणं झालं. एका जोडप्याचं, त्यांचा बिल्डर नोंदणीला अजून उगवला नव्हता म्हणून, बिल्डरच्या नावाने झालं. तेवढ्यात बिल्डर जिन्यात दिसला! मग काय विचारता! कुणीही साधं वाक्य जरा चढ्या आवाजात बोललं, "टोकन घ्याऽ," की हॉल आपोआप म्हणायचा, "व्हय म्हाराजा!"

अशा तापलेल्या वातावरणात पुकारा झाला. "मीराबाई राणे! बक्षीसपत्र!"

बकुळा सासूला घेऊन टेबलाशी गेली. मागे साक्षीदार, साक्षीदारांच्या मागे काकांचे नवे भक्त. ढोबळे मॅडम चांगल्या बाई होत्या. पण वर्षानुवर्षं तेच ते प्रश्न विचारून त्यांच्या आवाजाला एक चाल लागली होती. वाक्य वर चढायचं, टोकाला जरा लोंबकळायचं आणि थांबायचं. अगदी कुशाबाकाकांची चाल!

"हा दस्त तुम्हाला वाचून दाखवलाऽ आहे?"

"व्हय म्हाराजा!" मीराबाई हात जोडून म्हणाल्या.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. असू दे, वय झालंय.

"यातला मजकूर तुम्हाला मान्यऽ आहे?"

"व्हय म्हाराजा!" आता वॉल्टर आणि काकाही.

"खालची सही तुमचीचऽ आहे?"

"व्हय म्हाराजा!" शिपाईसुद्धा.

"सुनेने, किंवा आणखी कुणी, सही करायला तुमच्यावर दबावऽ आणलेला आहे?"

"व्हय म्हाराजा!!!"

अख्खा हॉल! मीराबाई, काका, वॉल्टर, शेठ, शेठचा भाडेकरू, बिल्डर. आणि सांगायला मलाच लाजल्यासारखं होतंय, त्यात बकुळाचाही आवाज होता. मोठा होता.

प्रिंटर थंड होताना ऐकू आला.

ढोबळे मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही सून ना? तुम्ही स्वतःच कबूल करताय?"

"नाही हो मॅडम! ते... ते गाऱ्हाण्याचं होतं! सवयीने तोंडातून..."

"माझ्यासमोर, कॅमेरा चालू असताना, सगळ्यांनी कबूल केलंय." मॅडमचा आवाज आता सरळ झाला होता, चाल गेली होती. "असा दस्त मी नोंदू शकत नाही. प्रलंबित ठेवावा लागेल. पुढच्या आठवड्यात या."

पुढचा आठवडा! तोवर सभा झालेली, नावं गेलेली, सासू कल्याणच्या हवेत! बकुळाने टेबलाची कड धरली. "मॅडम, तुम्ही आईंनाच विचारा ना. एकट्यांना विचारा. आम्ही सगळे बाहेर जातो."

हे सुचलं म्हणून तिने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. ती थोपटणारा हात तिला लवकरच कपाळावर मारून घ्यावा लागला.

सगळे काचेबाहेर गेले. काचेला पैसे सरकवण्यासारखी एक फट होती. बकुळाने तिथे कान लावला.

"घाबरू नका मावशी," मॅडम म्हणाल्या. "सून तुमच्यावर जबरदस्ती करते?"

"करता तर!" मीराबाई खुर्चीत ऐसपैस बसल्या. इतक्या वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. "रोज करता! कडू गोळ्यो खाऊक लावता. जेवणात मीठ घालूक देणा नाय. लोणच्याची बरणी खय लपयता, देवाक ठावक!"

"आणि सहीचं काय?"

"काल रात्री टीव्ही बंद केल्यान, माझी मालिका ऱ्हवली, आणि माका सही करूक बसयल्यान. पुन्हा कर, पुन्हा कर! हात दुखान इलो माझो!"

"आणखी काही?"

"आठ दिस अंगठो धरून बसता ती! सोडणाच नाय!"

मॅडम भराभर लिहून घेत होत्या. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हीच तर आपत्ती!

वॉल्टरला राहवेना. फटीला तोंड लावून तो ओरडला, "मॅडम, या मावशीवर कोन फोर्स करनार? अख्ख्या मजल्यावर तीच फोर्स करते! मला गेल्या गनपतीला अकरा मोदक खायला लावले, डायबिटीस आहे मला!"

"साक्षीदारांनी गप्प बसा!" मॅडम ओरडल्या. मग त्या मीराबाईंकडे झुकल्या. "मावशी, एवढा त्रास देते, तर मग घर तिला का देताय? तुम्हाला मुलगा आहे ना?"

मीराबाईंनी मॅडमकडे असं बघितलं, जसं शिकवूनही न समजणाऱ्या पोरीकडे बघावं.

"बाय माझे, झिलाक दिलंय तर तो विकान मोकळो होतलो आणि माका कल्याणाक नेवन ठेयतलो. थय माका ओरडात कोण? तो फोन करून विचारतलो, जेवलंस काय. ही विचारणा नाय. ही ताट बघता. गोळी गिळलंय काय नाय, ता तोंड उघडूक लावन बघता."

मॅडमचं पेन थांबलं.

"माझो थोरलो गेलो तेवा हिच्या म्हायेरातसून हिका नेवक माणसा इली. ही गेली नाय. कित्याक गेली नाय ता मी इचारूक नाय, तिनाव सांगूक नाय. रोजचा भांडाण आमचा. आता घरच नाय ऱ्हवला तर भांडूचा खय, तुमीच सांगा!"

काचेबाहेर बकुळाने फाइलमधले कागद काढून सारखे केले. ते आधीच सारखे होते. वॉल्टर दुसरीकडे बघून नाक पुसत होता, आणि शेठ कुशाबाकाकांना विचारत होते, "माजी क्या बोली? अच्छा बोली ना?"

"बरं," मॅडम पेन उचलून म्हणाल्या, "मग लिहिते मी, दबाव नाही."

"दबाव आसा!" मीराबाई ठामपणे म्हणाल्या. "ता लिवा. पण घर देऊचाच आसा."

"मावशी, दोन्ही नाही लिहिता येत! कॉम्प्युटर घेत नाही! एकतर दबाव, नाहीतर घर!"

मीराबाईंनी क्षणभर विचार केला. सहजासहजी सोडण्यासारखी तक्रार नव्हती ती.

"मगे घर ठेवा. दबाव काढा."

पुढे अंगठा. मीराबाईंनी मशीनवर ठेवला आणि तो सर्रकन सरकून टेबलावर गेला. पुन्हा ठेवला, पुन्हा सरकला. आठवड्याचं क्रीम! रेषा उमटल्या असतीलही, पण अंगठा काही थांबेना. "काय चोळलंय याला?" ऑपरेटर मुलीने विचारलं. सगळ्यांनी बकुळाकडे पाहिलं. शेवटी काकांनी खिशातली अंगाऱ्याची पुडी काढली, अंगठा त्यात बुडवला, वॉल्टरने रुमालाने पुसला, शिपायाने वरून दाबून धरला, आणि मशीनने एकदाचा 'टिंग' असा आवाज केला. दस्त नोंदला गेला! हॉलने नेहमीचा जयघोष करण्यासाठी तोंड उघडलं, पण ढोबळे मॅडमनी असं काही बघितलं, की सगळ्यांनी ते जांभई देऊन मिटलं.

जिना उतरताना तो एजंट बकुळाला म्हणाला, "झालं ताई? नेक्स्ट टाइम काकांचा नंबर देऊन ठेवा."

रात्री धनेशचा फोन आला. मीराबाईंनी त्याला सरळ सांगून टाकलं, जागा बकुळाच्या नावावर केली, आता ये उद्या मला न्यायला. त्यावर तो म्हणाला की उद्या त्याला ऑफिसचं अचानक काम निघालंय, आणि तसंही कल्याणची हवा सध्या बरी नाही.

फोन ठेवून मीराबाई खाटेवर आडव्या झाल्या. बकुळा दारात उभी होती. ती खोलीभर नजर फिरवत होती. ही भिंत माझी! हा नळ माझा! परळमध्ये, स्वतःच्या नावावर! छाती अशी भरून आली, की ती सासूपाशी जाऊन काहीतरी बोलणार होती. काय ते तिलाही नीट ठाऊक नव्हतं.

"आई..."

"नळ गळता तो."

"हो, उद्या बघते. आई, मी काय म्हणत होते..."

"उद्या कित्याक? घर तुझा मां आता? मालकीण तू. मी पाहुणी." मीराबाईंनी उशी दुमडून डोक्याखाली घेतली, पाय लांब केले आणि समाधानाने डोळे मिटले. "घर माझा होता तोपर्यंत नारळ मी खवलंय, मासे मी साफ केलंय, पाण्याक पहाटे मी उठलंय. पाहुण्याक कोण कामाक लावता? लोका काय म्हणतील?"

बकुळाने फडताळातून विळी काढली आणि जमिनीवर बसली.

थोड्या वेळाने कुशाबाकाका साखर मागायला आले तेव्हा त्यांना दिसलं ते असं: परळसारख्या ठिकाणची दोन खोल्यांची कायदेशीर मालकीण साडीचा पदर खोचून घामाघूम नारळ खवत होती, आणि खाटेवरून पाहुणी डोळे न उघडता सांगत होती, "जरा बारीक खव गो. मोठो कीस माझ्या दातात अडाकता."